कशाला धरून सरळ?

आमच्या कडा गावच्या फोटोंत जमीन सहसा सपाट नसते. समुद्रकाठच्या लोकांचं बरं असतं. त्यांच्या फोटोत मागे एक आयती आडवी रेघ असते. ती सरळ केली की नवरा-नवरी, होडी, माड, कुत्रं, सगळं आपोआप ताळ्यावर येतं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात क्षितिज म्हणजे एक टेकाड, त्याच्यामागे दुसरं टेकाड, मधे बाभळी आणि कुणाच्या तरी विहिरीतून निघालेल्या मुरमाचा ढीग. उतार कुठून कुठे जातो हे फक्त पावसाच्या पाण्याला ठाऊक, आणि ते पाणी दरवर्षी सांगायला येईलच असं नाही. अशा गावात फोटो सरळ करून द्यायचा धंदा मांडला की पहिला प्रश्न हाच पडतो: कशाला धरून सरळ?

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या भाच्याचा. स्टँडच्या बाजूला त्याचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढे झेरॉक्सचं मशीन, मधे काउंटर, मागे निळा पडदा आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालो. दुपारी घरच्या पंख्याखाली पडून राहण्यापेक्षा त्याच्या पंख्याखाली बसलेलं बरं, म्हणून जातो. गिऱ्हाइकाची तिथे ददात नाही. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजांमुळे आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं कड्यात शिकायला येतात. शिकायचं म्हणजे आधी फॉर्म, आणि फॉर्म म्हणजे फोटो. जूनमध्ये हे फोटो, उन्हाळ्यात लग्नं, बारमाही वाढदिवस आणि ज्याला मोसम नसतो ती श्रद्धांजली.

भाच्याचं सगळं राज्य फोटोशॉपवर चालतं. थॉमस आणि जॉन नॉल या दोघा अमेरिकी भावांनी ते रचलं आणि १९९० साली त्याची पहिली आवृत्ती बाजारात आली. पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण खेड्यापाड्यांतल्या कित्येक स्टुडिओंचं घड्याळ २००२ साली थांबलं, कारण त्या साली ‘सेवन पॉइंट झिरो’ आलं आणि ते जुन्यात जुन्या मशीनवरही कुरकुर न करता चालतं. त्यात रंग उचलायच्या ड्रॉपरच्या मागे एक मोजायचं हत्यार दडलेलं असतं. तेव्हा त्याला मेझर टूल म्हणत, नंतर त्याचं नाव रूलर झालं. वापर अगदी सोपा. फोटोत जी वस्तू सरळ असायला हवी, तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत माउसनं रेघ ओढायची. वरच्या पट्टीत तिचा कोन उमटतो. मग मेनूत जाऊन कॅनव्हास फिरवायचा ‘आर्बिट्ररी’ पर्याय उघडला की तो कोन तिथे आधीच भरून ठेवलेला असतो, पार दशांश चिन्हासकट. आपण फक्त ओके म्हणायचं. २०१० साली आलेल्या सीएस फाइव्हपासून तर तेवढेही कष्ट नकोत, रेघ ओढली की वर ‘स्ट्रेटन’चं बटण हजर. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही २०१८ पासून मोजपट्टीला ही सोय झाली.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला. भूमितीत आम्ही आधी पक्ष लिहितो, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे, ज्यावर प्रश्न विचारायचा नाही ते. इथे पक्ष कोण देतं? भाचा. त्यानं एखाद्या खांबावरून रेघ ओढली की हा खांब सरळ आहे असं सॉफ्टवेअर मुकाट्यानं मान्य करतं आणि उरलेलं सगळं जग त्या खांबाच्या सोयीनं फिरवतं. खांब खरंच सरळ होता का, हे ते विचारत नाही. त्याला स्वतःची अक्कल एवढीच: रेघ पंचेचाळीस अंशांच्या अलीकडे असली तर तिला आडवी समजायचं, पलीकडे गेली तर उभी. भाच्याकडे शिकायला बसणाऱ्या एका पोरानं लग्नाच्या फोटोत मांडवाच्या खांबावरून म्हणून जी रेघ ओढली, ती निघाली मांडवाला टेकवलेल्या शिडीची. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे शिडी ताठ उभी केली. वऱ्हाड, भटजी, अक्षतांची ताटं असं सगळं लग्न घसरगुंडीवर. नवरदेव तेवढा आनंदी दिसत होता. त्या दिवशी त्याला कशाचंच भान नसतं.

बांधकामावर हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. गवंड्याकडे ओळंबा असतो. दोरीला टांगलेलं ते वजन थेट पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतं आणि त्याच्यापुढे मालक, इंजिनियर, सरपंच, कुणाचंही काही चालत नाही. आडव्याची परीक्षा घ्यायला पाणी भरलेली नळी, काटकोनाला गुण्या. फोटोत हे काहीच शिरत नाही. बटण दाबताच माणसं, रंग, ऊन, धूळ सगळं आत येतं, पण पृथ्वीचं ओढणं बाहेरच राहतं. कागदावरच्या माणसाला खाली कुठे आहे हे ठाऊक नसतं. म्हणून फोटो सरळ करणाऱ्याला फोटोतच असा एक साक्षीदार शोधावा लागतो, ज्यानं त्या क्षणी पृथ्वीचं ओढणं अनुभवलं होतं आणि जो खोटं बोलणार नाही.

भाच्याच्या मते सगळ्यांत खरा साक्षीदार म्हणजे मांडवात वायरीला लोंबकळणारा बल्ब. वारा नसेल तर तो साक्षात ओळंबाच. “मामा, लग्नाच्या फोटोत आधी बल्ब बघायचा, मग नवरी,” असं त्यानं मला एकदा गंभीरपणे सांगितलं. बल्बच्या खालोखाल घराचा कोपरा, दाराची चौकट, मंदिराच्या ओट्याची कड. विजेच्या खांबावर विश्वास टाकू नये. तो सरळ रोवला गेला असेल, पण तारांनी त्याला स्वतःकडे वळवून घेतलेलं असतं. झाडावर तर मुळीच नाही. आणि माणसावर? तिथे आपण नंतर येऊ.

पाणी दिसलं की भाचा खूश होतो, पण फसतोही पाण्यानंच. तलावाच्या पलीकडच्या काठावरून रेघ ओढली की काम झालं असं कुणालाही वाटेल. पण तो काठ आपल्यापासून तिरपा दूर जात असेल तर फोटोत तो तिरपाच दिसणार. पाणी समपातळीत असलं तरी काठाची रेघ वर चढत जाते. तिला आडवी केली की बिचारा तलाव एका बाजूनं सांडायला लागतो. इथे माझी भूमिती कामाला आली. मी त्याला म्हटलं, काठ सोड, प्रतिबिंब धर. बांधावरच्या लिंबाचा शेंडा आणि पाण्यात दिसणारा त्याच लिंबाचा शेंडा, हे दोन बिंदू जोडणारी रेघ उभीच असायला हवी. झाड वाकडं असू दे, काठ तिरपा असू दे, शेंडा आणि त्याची छबी एकमेकांच्या ओळंब्यातच राहतात. त्यानं करून पाहिलं आणि खूश होऊन चहा मागवला. आमच्या भागात ही युक्ती फक्त पाऊसकाळ बरा झालेल्या वर्षी उपयोगी पडते, हा तिचा दोष म्हणता येणार नाही.

उंच इमारतीचं दुखणं निराळंच. मोबाइल वर करून मंदिराचं शिखर टिपलं की दोन्हीकडच्या भिंती आत झुकतात. डावी भिंत धरून सरळ करावं तर उजवी आणखी झुकते, उजवी धरली तर डावी. नुसतं फिरवून हा प्रश्न सुटत नाही, फोटो वरच्या बाजूनं ताणावा लागतो. निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काळात मोठ्या कॅमेऱ्यांना याचा तोडगा होता. कॅमेरा वर न उचलता पुढचं भिंग तेवढं वर सरकवायचं. काच उभीच राही, म्हणून भिंतीही उभ्या राहत. डोक्यावरून काळं फडकं घेऊन, काचेवर उलटी पडलेली प्रतिमा पाहत त्या लोकांनी राजवाडे आणि लेणी ताठ उभी केली. आता खिशातल्या यंत्रात काय काय आहे म्हणून सांगावं, तरी गावोगावच्या फोटोंत शिखरं मागे रेलून बसलेली.

ओळंब्याची गरज पडते ती खरं तर आपल्याच शरीरामुळे. कानाच्या आत खोलवर चुनखडीचे बारीक बारीक खडे असतात. डोकं कललं की ते सरकतात आणि खाली कुठे आहे ते मेंदूला कळवतात. डोळ्यांचंही तसंच. तिरप्या रेघांतला फरक ओळखायला ते आळस करतात, पण आडव्या-उभ्या रेघेतली चूक लगेच पकडतात. त्यामुळे आयुष्यात मोजपट्टी हातात न धरलेला माणूसही फोटो पाहून म्हणतो, “काहीतरी वंगाळ वाटतंय.” काय, ते सांगता येत नाही. सहा इंची फोटोत एक अंशाचा कल म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा फरक. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकवून उभं राहतं. त्याच गिऱ्हाइकाच्या घराच्या भिंतीला ओळंबा लावायची सोय नसते, हा भाग वेगळा.

फिरवणं फुकट होत नाही. चौकोनी कागदात चौकोनी फोटो तिरपा केला की चार कोपरे पांढरे उघडे पडतात आणि ते झाकायचे तर कडा कापाव्या लागतात. मी एकदा त्रिकोणमिती मांडून हिशेब केला. चार बाय सहाच्या प्रमाणातला फोटो एक अंश सरळ करून त्याच प्रमाणात कापायचा झाला, तर सुमारे ५ टक्के फोटो जातो. तीन अंशांना सुमारे १४ टक्के. म्हणजे सातातला एक हिस्सा, केवळ सरळ दिसावं म्हणून.

हा हिस्सा कुणाचा जातो ते मला शाळेच्या एका फोटोत दिसलं. मराठवाड्यात आम्हाला झेंडावंदनं चार. सगळ्या महाराष्ट्राला असतात ती तीन आणि वर १७ सप्टेंबरचं. १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थान निजामाच्या हातून सुटलं म्हणून. तशाच एका १७ सप्टेंबरचा ग्रुप फोटो स्मरणिकेसाठी भाच्याकडे आला. मधे झेंड्याचा खांब, त्याच्या दोन्ही बाजूंना शिक्षक, पुढे बाकांवर पाहुणे. मैदानाला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला. खांब सरळ करावा तर पाहुण्यांसकट बाकं गटाराकडे निघालेली. बाकं सरळ करावीत तर झेंडा कलतो, आणि झेंडा कलता छापायची हिंमत कोणत्या स्मरणिकेत आहे? भाच्यानं झेंडा धरला. तीन अंशांचा फरक निघाला. फिरवलं, कापलं, आणि उजव्या टोकाला उभे असलेले शिपाई मामा अर्धे गेले. एक डोळा, एक खांदा आणि सदऱ्याचा खिसा तेवढा राहिला.

आता शिपाई मामा टोकाला का उभे होते? तर सकाळी मैदान त्यांनीच झाडलं होतं, बाकं त्यांनीच लावली होती, खांबाची दोरी त्यांनीच ओढून पाहिली होती, मुख्याध्यापकांना आणि पाहुण्यांना बोलावून मधे बसवलंही त्यांनीच होतं. सगळे बसल्यावर जी जागा उरते ती टोकाची. ग्रुप फोटोत मधल्या माणसाला कधीच काही होत नाही. भूमितीतही तेच खरं आहे. कापणी कडेकडून होते आणि केंद्र जागेवर राहतं. वर्तुळाच्या केंद्राचं कौतुक मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं, पण त्याचा असाही अर्थ निघेल असं पाठ्यपुस्तकात नव्हतं.

नव्या फोटोशॉपमध्ये यावर उपाय आहे. २०१६ पासून कापण्याच्या हत्यारात एक खूण करता येते. ती केली की उघडे पडलेले कोपरे सॉफ्टवेअर आजूबाजूचं पाहून स्वतःच्या मनानं भरतं. भाच्याच्या एका मित्राकडे ती आवृत्ती आहे, त्याच्याकडून करून आणलं. शिपाई मामा पुरते दिसायला लागले, पण त्यांच्या पलीकडे एक खांदा उगवला. नुसता खांदा. त्याला डोकं नाही, पाय नाहीत. शाळेच्या इतिहासात नोंद नसलेला कर्मचारी. वरच्या कोपऱ्यात लिंबाची तीच फांदी दोनदा आली होती, तिच्यावरच्या कावळ्यासकट. भाचा म्हणाला, “कावळ्याचं चालंल, पण त्या खांद्याचा पगार कोण काढणार?” शेवटी त्यानं तीनाऐवजी एकच अंश फिरवला. झेंडा किंचित कललेला राहिला, वारा होता म्हणून खपला; बाकं किंचित उतरती राहिली; आणि शिपाई मामा दोन्ही डोळ्यांनिशी स्मरणिकेत गेले. माझ्या मते हे उत्तर बरोबर आहे. परीक्षेत मी त्याला गुण दिले असते का, ते मात्र विचारू नये.

आता माणसं. ओळखपत्राचा फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, त्यात चेहरा सरळ हवा. भाचा एका बुबुळापासून दुसऱ्या बुबुळापर्यंत रेघ ओढतो आणि फिरवतो. कागदोपत्री ही रीत निर्दोष आहे. पण कुणाचेही दोन डोळे एका पातळीत नसतात. असले तर कान नसतात. कान असले तर खांदे नसतात. देवानं चेहरा रचताना गुण्या वापरलेला नाही. पुढाऱ्याचा फोटो असला तर आणखी पंचाईत, कारण त्याची टोपी मुळातच तिरपी असते आणि तिचा कोन त्यानं आरशासमोर उभं राहून ठरवलेला असतो. डोळे सरळ केले की टोपी बिघडते. टोपी बिघडली की कार्यकर्ते येतात.

दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात, त्याआधी कागदपत्रांसाठी फोटोंची एक लाट येते. त्यात एक मावशी आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, पदर नीट केला. भाचा म्हणाला, “मावशी, मान सरळ ठेवा.”

“सरळच हाय की.”

“जरा इकडं. अजून थोडी.”

“आरं, ती तिकडंच ऱ्हाती. मोळ्या काय तू उचलल्यास?”

भाच्यानं कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर केला आणि आहे तसा फोटो काढला. नंतर कॉम्प्युटरवर बुबुळांची रेघ ओढून चार अंश फिरवला. डोळे पातळीत आले, पण खांदा असा वर आला की मावशी कुणाच्या तरी अंगावर धावून निघाल्यासारख्या दिसायला लागल्या. त्यानं पुन्हा मूळ फोटो उघडला. मावशी काउंटरवरून वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, “हा बरा हाय. ह्यो माझ्यावानी दिसतुय.” त्यांच्या हिशेबानं मान सरळ होती आणि तो हिशेब चुकीचा म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता.

जुन्या फोटोंचा प्रकार याच्याही पलीकडचा. पूर्वी घराघरांत तसबिरी दाराच्या वर, खालची कड भिंतीला आणि वरची पुढे झुकलेली अशा लावत. मागच्या पोकळीत चिमणी घर करी. खालून पाहणाऱ्याकडे आजोबा जरा वाकून पाहत. आता त्या तसबिरीचा लोक मोबाइलवर फोटो काढून आणतात, मोठा करून द्या म्हणतात. खाली उभं राहून काढलेला असल्यामुळे चौकट वर अरुंद, खाली रुंद. काचेत ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचं पोट. २०१२ च्या सीएस सिक्समध्ये चार कोपऱ्यांवर चार टिंबं ठेवून अशी चौकट काटकोनात आणायची सोय झाली. भाचा हे काम मन लावून करतो. एकदा त्यानं एका गृहस्थांच्या वडिलांची तसबीर तासभर खपून काटकोनात बसवली. खुर्ची सरळ, काठी सरळ, पागोट्याचे पेच मोजून घ्यावेत असे. गृहस्थांनी प्रिंट हातात धरली, लांब नेली, जवळ आणली.

“काम झ्याक केलंस,” ते म्हणाले, “पण हे दादा वाटत न्हाईत. हे आमचे चुलते वाटतात. आन् चुलत्याशी आमची केस चाललीया.”

तो फोटो पुन्हा थोडा झुकवावा लागला. किती, तर गृहस्थ समोर उभे राहून “आजून... आजून... बास, आले दादा!” असं म्हणेपर्यंत. मेझर टूलमध्ये हा आकडा कुठून आणायचा?

जगात काही गोष्टी वाकड्या म्हणूनच नावाजल्या जातात. पिसाचा मनोरा जास्तच कलायला लागला म्हणून इंजिनियरांनी वर्षानुवर्षं खपून २००१ पर्यंत तो थोडासा मागे आणला. साडेपाच अंशांचा कल सुमारे चारांवर आला आणि तिथे ते मुद्दाम थांबले. पूर्ण सरळ करून मोकळे झाले असते तर पिसात पर्यटकांनी कशासाठी जायचं? काशीत मणिकर्णिका घाटाजवळचं रत्नेश्वराचं देऊळ असंच गंगेपाशी कललेलं आहे. काशीयात्रेहून आलेल्या एका आजींनी त्या देवळासमोरचा आपला फोटो भाच्याकडे आणला. शिकाऊ पोरानं सवयीनं देऊळ सरळ केलं. आजी तोल जाऊन घाटावर पडायच्या बेतात. “मला पाड, पण देवाला हात लावू नगंस,” असं त्यांनी बजावलं. वास्तविक देवाला हात लावल्यामुळेच त्या पडत होत्या.

रेल्वेचंही सांगायला हवं. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली, आणि नगर ते आष्टी या ६६ किलोमीटरवर गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला. नकाशावरची रेघ सरळच होती. जमिनीवर उतरायला तिला एवढा वेळ लागला. मधल्या काळात कड्यातली एक अख्खी पिढी ‘औंदा रेल्वे येणार’ हे ऐकत मोठी झाली. पुढे २०२५ च्या १७ सप्टेंबरला गाडी बीडलाही पोचली. तर गाडी सुरू झाली तेव्हा स्टेशनावर आणि डब्यात लोकांनी इतके फोटो काढले की भाच्याला दिवाळीपर्यंत तेच काम पुरलं. रुळांएवढी सरळ गोष्ट दुसरी नाही, असं वाटून त्यानं सुरुवातीला रूळच धरले. पण रूळ आपल्यापासून लांब जातात, ते फोटोत तिरपे दिसणारच. आणि वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवलेला असतो, म्हणजे गाडी स्वतःच आत कलते.

अशाच एका वळणावर आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं डब्याच्या खिडकीतून आपल्या रानाचा फोटो काढला होता. त्या रानाचा एक तुकडा याच मार्गात गेलेला. उरलेलं रान गाडीतून कसं दिसतं ते त्याला घरी भिंतीवर लावायचं होतं. फोटोत खिडकीची चौकट सरळ, पण बाहेरचं रान, बांध, गोठा सगळं एका अंगावर. भाच्यानं बांध धरून सरळ केलं, तर खिडकी कलली आणि गाडी रुळावरून उतरत असल्यासारखी दिसायला लागली.

“खिडकी सरळ ठिव,” शेतकरी म्हणाला. “सत्तावीस वर्षांनी गाडी आलीया, तिला वाकडं नगं दावू.”

“मग अण्णा, रान वाकडं दिसंल.”

“दिसू दे. रान आमचं आदीपासूनच वाकडं हाय. वाटणीत मला तेच आलंय.”

एवढ्या सगळ्या अनुभवानंतर भाच्यानं नियम केला की आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, काय सरळ हवंय. पासपोर्ट, लग्न, तसबीर, सगळीकडे हा नियम चालतो. चालत नाही तो फक्त फ्लेक्सला. परवा एका भाऊंचा वाढदिवस होता. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स. मधे भाऊ, वर दिवंगत नेते ढगांत, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. भाऊंचे डोळे पातळीत आणायला भाच्यानं अर्धा दिवस घालवला. टोपीचा कोन वेगळा, डोळ्यांचा वेगळा, ढगांतल्यांची खाली येणारी नजर भाऊंच्या नजरेला काटकोनात. एका अंशाच्या दशांशावर वाद झाले. शेवटी रात्री प्रिंट होऊन आली.

सकाळी स्टँडसमोर बांधायला पोरं चढली. एक खांब विजेचा, तारांच्या बाजूला कललेला. दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड, त्याचा कल रस्त्याकडे. खाली रस्ता नदीच्या दिशेनं उतरता. मधे वाऱ्यानं फ्लेक्सचं पोट फुगलेलं. वरचा पोरगा सुतळी दातात धरून ओरडला, “भाऊ, खांबाला धरून बांधू का रस्त्याला धरून?”

खाली भाऊंचे चार कार्यकर्ते, भाचा आणि मी उभे होतो. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भूमिती आठवायला लागलो. तेवढ्यात त्या चौघांतला सगळ्यांत जुना कार्यकर्ता पुढे झाला.

“खांब नगं, रस्ता नगं,” तो म्हणाला. “भाऊंनाच धरून बांध. आमी समदे तसंच बांधलोय.”